जबड्यातलं पोवळं

दात काढून झाल्यावर डॉक्टरांनी आनंदीबाईंच्या गालात कापूस कोंबला आणि अर्धा तास तोंड उघडायचं नाही, असं बजावलं. सदाशिव पेठेतल्या बाईला ही शिक्षाच. बाहेरच्या बाकावर शेजारी लोणी काळभोरचं नवरा-बायकोचं जोडपं बसलं होतं.

"अहो, काय म्हनले डॉक्टर?"

"जबड्याचं हाड झिजलंय. तिथं पूड भरायची, मग नवा दात."

"पूड कशाची?"

"समुद्रातल्या पोवळ्याची. तिच्या आधारानं आपलं हाड वाढतं म्हनं."

"पोवळं? गुरुजी कवापासनं सांगत्यात, मंगळ कडक हाय, पोवळ्याची अंगठी घाला. घातली?"

"असल्या थोतांडावर माझा इस्वास न्हाई."

"बोटात नको म्हनला, आता जबड्यात घाला!"

तेवढ्यात आतून हाक आली, "सर्जेराव, या!"

सर्जेराव जागचे हलले नाहीत.

"आगं, पोवळं मंगळवारीच घालायचं असतंय न्हवं?"

"व्हय की."

"मग ऊठ. आज सोमवार हाय. घरी जाऊ."

"गुमान आत चला! तुमचा मंगळ पत्रिकेत न्हाई, शेजारी बसलाय."

आनंदीबाईंचा कापूस समोरच्या वर्तमानपत्रावर जाऊन पडला.