भुशातला धूमकेतू

...नाही, पण मी काय म्हणतो, दुसरं काहीही शिकवा हो मला, पण बर्फ? वीस वर्षं बर्फ विकतोय हा बाबली! रोज म्हापशाहून लाद्या आणून पेडण्याच्या मासळी बाजारात घालतो, आणि परवा संध्याकाळी आमच्या मुलीला, प्रियाला, बघायला आलेला तो डिचोलीचा मास्तर, दत्तप्रसाद, माझाच चहा पिऊन मला बर्फ शिकवतो!

चूक माझीच. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हल्ली पश्चिमेला तो शेपटीवाला दिसतो, तो काय हो?" म्हणाला, "काका, बर्फाचा गोळा." "केवढा?" "पेडण्यापासून पणजीपर्यंत." माझ्या बशीतला चहा लेंग्यावर! तुम्हाला सांगतो, हे असे लाखोंनी आहेत म्हणे, शेवटच्या ग्रहाच्याही पलीकडे, काळोखात... एखाद्याला मोठ्या ग्रहाने हिसका दिला की तो निघाला सूर्याकडे घरंगळत, ऊन लागलं की वाफ आणि धूळ, तीच शेपटी! "आणि त्याच्या वाटेत आपण आलो तर?" तर हा शांतपणे चकली मोडत, "हा नाही आदळणार, काका. पण त्यांतला एखादा कधीतरी आदळेल. मग गोवा काय, काहीच उरायचं नाही."

अरे! घटक राज्य होऊन दहा वर्षं व्हायचीत अजून! मराठी की कोंकणी म्हणून भावाभावांनी धरलेला अबोला सुटला नाही, आणि वरून हा बर्फ? भडकलो मी. वीस वर्षं बर्फ विकतोय! "कोलवाळचा पूल येईतो माझी लादी पाव गळते, आणि तुझी कोट्यवधी वर्षं टिकते?" आतून आमची बायको, शांता, "गप ऱ्हवा हो, सोयरीक मोडतली!" प्रिया रडवेली. आधीच तीन स्थळं हातची गेलेली... पण बर्फ हो, बर्फ!

मास्तर म्हणतो कसा, "तुम्ही लादी कशात गुंडाळता?"

"लाकडाच्या भुशात."

"त्यालाही वरून काळ्या धुळीचा थर असतो. म्हणून आत बर्फ राहतो."

भुसा! देवसुद्धा भुसा वापरतो आणि वीस वर्षं बर्फ विकून मला पत्ता नाही? उठलो आणि पोराचे दोन्ही हात धरले. असा जावई कंदील घेऊन शोधला तरी मिळायचा नाही! मग हळूच विचारलं, "पण आदळेल कधी?"

"दहा लाख वर्षांनी... किंवा उद्याही."

उद्या म्हटल्याबरोबर त्याची आई, कमलाक्षीबाई, इतका वेळ 'दिवाळीनंतर बघू' म्हणून सुपारी कातरत बसलेली, ताडकन उभी! "मगे दिवाळीमेरेन कित्याक रावचें? फुडल्या आयतारा लग्न!"

दिवाळीपर्यंत थांबायचं कशाला म्हणे, येत्या रविवारीच! आठ दिवसांत! मांडव नाही, आचारी नाही, भटजी मुहूर्त शोधून घामाघूम... काय करणार? रोज संध्याकाळी अंगणात उभा राहतो, पश्चिमेला हात जोडतो. बाबा, तू नाही तर तुझ्या भावंडांना निरोप दे, यायचंच असेल तर खुशाल या... पण पंगत उठल्यावर!