पिशवी न बांधलेलं फूल

रोजनिशीतलं वाचूनच दाखवतो, थांबा — चौदा जानेवारी, सकाळी धुकं, नऊनंतर ऊन, वारा नाही. खाली काय लिहिलंय? 'दुधीच्या बियांची अकरा पाकिटं वाचनालयाच्या बी-देवघेवीच्या खणात ठेवली.' माझंच अक्षर. आणि तुम्ही त्या खणात दुधीच शोधताय — नाही मिळायचा. उरलेली तीन पाकिटं मीच काढून घेतली. अहो, चोरी कसली, माझीच होती! तुम्ही पालक न्या. पालक गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

का म्हणजे? — गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या कुंपणावर शोभेचा कडू भोपळा होता. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि पाखरं इकडचा पराग तिकडे नेतात — म्हणून बियांसाठी राखलेल्या कळीला मी दुपारीच कापडी पिशवी बांधायचो, पराग स्वतःच्या हातानं लावायचो. रोज. एकच दिवस राहिलं. तेही लिहिलंय बघा — 'आज दाढ ठणकते. पिशवी बांधली नाही.' आणि नेमकं त्याच फुलाला सगळ्यात देखणं फळ धरलं! मोह झाला, दुसरं काय. त्याचंच बी काढलं. वरून कळत नाही हो — कडूपणा बियांत उतरतो, पुढच्या वर्षीच्या दुधीत निघतो.

आमच्याकडे निघाला. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी थोरली बहीण. पहिल्या दुधीचं सूप मीच केलं. ताई म्हणाली, 'अरे, कडू लागतंय रे.' मी म्हटलं, 'माझ्या बागेतलं तुला कधी गोड लागलंय? संपव गुपचूप.' — संपवलं तिनं. मला वाईट वाटू नये म्हणून वाटी निपटून. मी? मी नंतर जेवणार होतो, नोंद लिहीत बसलो होतो. तासाभरात रक्ताच्या उलट्या. दवाखान्यात सहा दिवस. डॉक्टर म्हणाले, कडू दुधी म्हणजे विषच. आता बरी आहे. म्हणजे — घरी आहे. स्वतःचं वेगळं शिजवते.

आता बाकीची आठ पाकिटं कुणाकडे गेली? नावं कुठून आणू! इथं बी न्यायचं, पीक आलं की मूठभर परत आणून ठेवायचं — वही नाही, सही नाही. वाचनालयाच्या बाई वही ठेवणारच होत्या, मीच भांडलो — 'बी नेणाऱ्याला चोरासारखं नाव काय विचारता?' टाळ्या पडल्या मला. आता दारावर सूचना लावलीय, पण वाचतंय कोण? तीन आठवडे या खुर्चीवर बसतोय, येईल त्याला विचारतोय. बाई म्हणतात, 'काका, लोक खणाकडे फिरकेनासे झालेत.' नकोत फिरकायला! वेलांना फळं धरली असतील आता —

तुम्ही नव्हता ना नेलं? नक्की? घरात दुसऱ्या कुणी? — बरं. निघा तुम्ही, बंद व्हायची वेळ झाली. मला आजचं लिहू द्या. वीस एप्रिल. दिवसभर ढगाळ, दुपारी चार थेंब. आठांपैकी पाच जण सापडले, त्यांचे वेल उपटले. तीन सापडले नाहीत.