आक्कांचं वाळवण

वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, आज आक्कांच्या शोकसभेत दोन शब्द बोलाया उभी ऱ्हायलेय. आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. या घरात आले तवापासनं त्यांच्याच हाताखाली कुरडया घालाया शिकले.

उन्हाळाभर आक्कांची गच्ची भरलेली असायची. कुरडया, पापड, सांडगं. आंबवड्याच्या त्यांच्या म्हायेरापासनं पार पुण्यापतूर त्यांचा माल जायचा. त्याच्यावर पोरगी शिकली, नर्स झाली. ती काय, पुढंच बसलीय.

मग डोंगराच्या पायथ्याला खडीचा क्रशर आला. पोरांना कामं लागली. आपल्याला बरंच वाटलं की! धुरळा काय, सगळीकडंच असतोय. हवेला कुठं पैसं पडत्यात?

पडत्यात, मंडळी. आदी आक्कांच्या कुरडया परत आल्या. पुण्याच्या बाई फोनवर म्हणल्या, दाताखाली कचकच लागती. आक्कांनी त्यातलीच एक तळली, खाल्ली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मच्छरदाणी बांधली, वर धुतलेलं धोतर टाकलं, आन् दिसभर तिथंच धुरळा झटकत बसल्या. मी म्हणलं, आक्का, तुमी तोंडाला फडकं तरी बांधा. तर म्हणल्या, "आगं, मी काय विकायला न्यायचीय व्हय?"

मीबी हसले. लई हसलो आमी दोघी.

मग खोकला आला. मग जिना चढवंना. दवाखान्याच्या खेपा, तोंडात मारायचा पंप. गिऱ्हाईक तुटलं, गळ्यातली बोरमाळ गेली. ग्रामसभेत मी क्रशरबद्दल बोलाया उठले, तर आक्कांनीच हाताला धरून खाली बसवलं. "तुझा लेक तिथं टेम्पोवर हाय. गप बस." धाप लागत व्हती, तरी माझ्याच लेकाचं बघत व्हत्या.

आज या सभेपायी क्रशरच्या मालकांनी तो बंद ठेवलाय. ते हितंच बसल्यात. मालक, उपकार झालं. सकाळी मी गच्ची पुसून आले. आत्ता येताना कठड्यावरनं हात फिरवला, तर हात कोरा. समोरचा डोंगर लख्ख दिसतोय. मला तिथंच रडू फुटलं. आक्का, कुरडया घालाया असाच दिवस पायजे व्हता ना तुमास्नी?

म्हंजी बंद ठेवता येतो. आक्का गेल्यावर ठेवता येतो. त्या व्हत्या तवा कुणालाच कसं सुचलं न्हाई?

आता सगळी उभी ऱ्हावा. दोन मिन्टं कुणी बोलू नका. आज खडखड न्हाई, आपापला श्वास ऐकू येईल. तेवढा घ्या. आक्कांना तेवढाच मिळाला न्हाई.