आबाजींची कॅसेट आणि तीन वायरी

...आणि म्हणे सस्त्यात होऊन जाते! कोण म्हणते? सगळेच म्हणतात! ज्यानं जन्मात कधी कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली नाही, तो प्रत्येक माणूस मले सांगते... मला सांगतो. तुम्हाला सांगतो, मी पुण्यात शिकून आलो, 'मला'च म्हणतो, पण या कॅसेटीचं नाव निघालं की 'मले'च बाहेर येते, त्याला माझा इलाज नाही!

गोष्ट एवढीशी. माझे आबाजी, म्हणजे आजोबा, केवलरामजी, स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते. आमच्या वस्तीत, रुआबांध्यात, बुद्धविहार उभं झालं, तेव्हा उद्घाटनाला त्यांनी भाषण केलं. म्हातारी माणसं अजून म्हणतात, "केवलरामजी बोलले होते, बाप्पा!" काय बोलले? ते कोणालाच आठवत नाही! पण त्याची कॅसेट आहे. जुनी, व्हीएचएसची, विटेएवढी. आबाजी गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. त्यांचा आवाज मी ऐकलेलाच नाही हो! म्हणून ठरवलं, ही कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची, नीट एडिट करायची आणि भीमजयंतीला विहारात मोठ्या पडद्यावर दाखवायची. आपला इतिहास आपणच जपला पाहिजे की नाही? टाळ्या नका वाजवू, पुढचं ऐका.

गेलो सिविक सेंटरला. फोटोवाला म्हणतो, "हो जाएगा भैया, रायपुर भेजेंगे, वो लोग नागपुर भेजेंगे. टूट-फूट की जिम्मेदारी अपनी नहीं." अरे, कॅसेट आहे का वऱ्हाड? वर भाव असा सांगितला की त्यात कॅमेराच आला असता! माझा दोस्त प्रफुल म्हणाला, "अबे, दुकानात कायले देतं? घरीच कर ना! एक व्हीसीआर, चित्र कॉम्प्युटरात घेणारं बोटाएवढं कॅप्चर कार्ड, तीन वायरी, तुहा लॅपटॉप. सस्त्यात होऊन जाते!"

कार्ड आलं. वायरी आल्या. व्हीसीआर? तो कोण बनवते आता? विहाराच्या ग्रुपवर टाकलं, "कोणाकडे चालू व्हीसीआर आहे का?" उत्तरं काय? जय भीम, जय भीम, जय भीम, गुलाबाचं फूल, कोणाच्या तरी डीव्हीडी प्लेअरचा फोटो, आणि एक काकू, "व्हीसीआर नाही बेटा, मिक्सर आहे. चालू आहे."

शेवटी आई म्हणाली, "बेबीताईकडं आहे ना, नंदिनी नगरले." बेबीताई म्हणजे आईची चुलत बहीण, माझी मावशी. गेलो गाडी काढून. व्हीसीआर फ्रिजवर, त्यावर विणलेलं कव्हर, कव्हरवर प्लास्टिकची फुलदाणी. म्हटलं, "मावशी, दोन दिवस नेतो."

"नेतं कावून? इथंच कर! अन् पहिले माह्या लग्नाची लाव."

तुम्हाला सांगतो, चित्र आलं ते काळंपांढरं, आणि वर असं सरकत होतं जसा कोणी पडदा ओढून राहिला! का? तर त्या सॉफ्टवेअरला वाटत होतं आपण अमेरिकेत आहो! ते एक सेटिंग, आपल्याकडच्या कॅसेटीचं, पाल म्हणतात त्याला, ते सापडेपर्यंत अख्खा रविवार गेला. सस्त्यात! आणि ही व्हीएचएस म्हणजे लग्नातला फुफाजी, आत्याचा नवरा, घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते! मध्येच गल्लीतल्या बाया जमल्या. "थांबव, थांबव! हिराले पाह्य! कशी बारीक होती व!" थांबवलं की रेकॉर्डिंग गेलं! पुन्हा पहिल्यापासून! वरात दारात आली तर मावशीनं प्लग काढून मिक्सर लावला! "दोन मिंटं तं काढला, एवढा कायले बोंबलतं?"

आणि मग लावली माझी कॅसेट... आबाजी. पांढरा सदरा, गळ्यात निळा दुपट्टा. माइकसमोर उभे. बोट वर केलं. मी आवाज पूर्ण वाढवला! तोंड उघडलं...

...आणि आवाज आला बाईचा! गाणं! साजन, सावन, कंगना, सगळं! मी लाल वायर काढली, पांढरी लावली, पांढरी काढली, लाल लावली. बाई गातेच आहे! आबाजी मूठ आपटतात, बाई गिरकी घेते! वरून कोपऱ्यातून एक गुलाब फिरत फिरत आला आणि आबाजींच्या डोक्यावर बसला!

शूटिंग केलं होतं भूपेंद्र व्हिडिओवाल्यानं. आता मोबाइलचे कव्हर विकतो. गेलो तणतणत. तो कौतुकानं म्हणतो, "भाषण सूखा-सूखा लगता है बेटा, इसलिए गाना डाला. और मैंने अपने मन से थोड़ी डाला? तेरे पापा बोले थे!"

बाबा! माझे स्वतःचे बाबा! घरी आलो तर चहात टोस्ट बुडवून राहिले होते.

"हो, मीच बोललो. बाबूजीचं चहा पेताना भाषण, आंघोळीले जाताना भाषण. म्हटलं, कॅसेटीत तरी शांतता राहू दे."

"बाबा, तो इतिहास होता!"

"तुह्यासाठी इतिहास आहे रे. आमच्या तं घरात होता."

मी रागानं लॅपटॉप उघडला, आवाज बंद करून आबाजी लावले. पाहा म्हटलं, काय घालवलं ते! बाबा पाहत राहिले. टोस्ट पडला चहात. आणि एकदम, आबाजींच्या ओठांवर ओठ बसवून, बोलायलाच लागले! "बंधूंनो! हे विहार विटेनं नाही उभं झालं, आपल्या ओव्हरटाइमनं उभं झालं! यात पोरं शिकली नाही, तं समजा आपण गोदाम बांधलं!" शब्दाला शब्द! श्वासाला श्वास! म्हटलं, बाबा, थांबा, रेकॉर्ड करतो! तर म्हणतात, "मशिनीसमोर नाही जमत. माणसं पाहिजे."

मग काय, जयंतीला पडद्यावर आबाजी मुके आणि बाजूला माइकवर बाबा. काय सांगू! म्हाताऱ्या रडल्या. "केवलरामजीच व! आवाजही तोच!" मी लॅपटॉपजवळ उभा, डोळ्यांत पाणी, आवाज मिळाला, आबाजींचा आवाज मिळाला हो मला!

क्लिप संपली.

बाबा नाही संपले!

पडदा काळा झाला तरी, "अन् दुसरा मुद्दा..." दुसरा झाला, तिसरा. डान्सवाल्या पोरी पंख्याखाली मेकअप वाळवून राहिल्या, जेवण थंड, अध्यक्ष घड्याळ पाहून पाहून थकले. मी इशारा केला, चिठ्ठी दिली. बाबांनी चिठ्ठीनं कपाळ पुसलं आणि पाचवा मुद्दा घेतला! मागून कोणीतरी ओरडलं, "गाना लगाव गा!" मी आईकडं पाहिलं. आई शांतपणे म्हणाली, "बाबूजींचंही असंच होतं."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? इतिहास आपणच जपला पाहिजे, मान्य... पण वरण थंड होऊन राहिलं होतं ना! माइकचा आवाज कमी केला. फाइल लॅपटॉपात होतीच, साजन, सावन, कंगना, सगळं.

लावलं गाणं.

सस्त्यात होऊन गेलं!