सुनेच्या खोलीतला हीटर

दुरुस्तीच्या दुकानात मी इस्त्री घेऊन रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या आजींनी आपला हीटर काउंटरवर आदळला.

“यावर आकडा आहे दीड हजार. सुनेच्या हीटरवर पाच हजार शंभर. मुलगा म्हणतो, दोन्ही सारखेच. मी काय दुधखुळी आहे?”

“आजी, तुमचे हे वॅट आहेत. त्यांच्या हीटरवर बीटीयू लिहिलंय का?” दुकानदारानं विचारलं.

“लिहिलंय. ती आंघोळीला गेल्यावर चष्मा लावून वाचलं मी.”

“मग हा विजेचा आकडा आणि तो उष्णतेचा. वॅटला तीन पॉइंट चारने गुणायचं, की बीटीयू मिळतात.”

“गुणा. माझ्यासमोर, कागदावर.”

“हे घ्या. पाच हजार शंभर.”

“मुलाचा फोन आला होता ना तुम्हाला?”

“अहो, मी ओळखतही नाही त्यांना!”

“मग तिची खोली भट्टीसारखी तापते आणि माझी गारठलेली, ते कसं?”

“त्यांच्या खोलीचं दार बंद असतं का?”

“सदानकदा.”

“आणि तुमचं?”

“उघडंच ठेवते. बंद दार बघून येता-जाता कोण डोकावणार?”