चार पोरं कमी

...आणि वर ऑफिसातले मलाच विचारतात, 'सर, तुम्ही शिकवता तरी काय?' गणित शिकवतो हो मी, अठरा वर्षं झाली! नाशिक रोडहून सकाळची पहिली एसटी, हीच, आपण बसलोय ती, पुढे जीप, जीपमध्ये जागा मिळाली तर बसून, नाहीतर मागं लोंबकळत, आणि शेवटचा डोंगर पायी... तिथं पाड्यावर माझी एका खोलीची शाळा. गेल्या वर्षी पोरं किती? चार. हजेरी घ्यायला तोंड उघडलं की संपायची. वरून निरोप आला, यंदा दहाच्या आत राहिलात तर शाळा बंद, पोरं खालच्या गावात. आता खालचं गाव म्हणजे मध्ये ओढा. सहा वर्षांची पोर पावसाळ्यात तो ओढा ओलांडून शाळेत जाईल? नाही हो जाणार. घरी बसेल, कायमची.

म्हणून दारोदार फिरलो. पाड्यावरची माणसं हंगामाला द्राक्षबागांवर कामाला जातात, पोरंही सोबत नेतात. हात जोडले, म्हटलं, पोरं तरी मागं ठेवा. पण ठेवणार कुणाकडे? शेवटी चिमणाबाई म्हणून सत्तरीची म्हातारी आहे, ती पुढं झाली, 'ऱ्हाऊ द्या माझ्याकडं, मी घालते भाकर.' आठ पोरं राहिली. चार नि आठ, बारा. तिप्पट! पहिल्या दिवशी बारा पाट्या बघून डोळे भरून आले हो माझे, खोटं कशाला सांगू.

आणि मग आला तो ऑनलाइन फॉर्म. 'विद्यार्थिसंख्येतील वाढ, टक्क्यांत.' मी सांगितलं, दोनशे. तालुक्याच्या ऑफिसात मनोज म्हणून क्लार्क आहे... तुम्हाला सांगतो, हा माणूस जन्मात कधी समोरच्याकडे बघून बोललेला नाही, सगळं त्या स्क्रीनशीच... 'सर, तिप्पट ना? मग तीनशे.' म्हटलं, मनोजभाऊ, तिप्पट म्हणजे दोनशे टक्के. तीनपटीतली एकपट तर आधीचीच ना? ती वजा करा, राहिली दोनपट, दोनशे टक्के. 'अहो सर, दुप्पट दोनशे, तिप्पट तीनशे, सोपंय.' अरे, मग एकपट म्हणजे शंभर टक्के वाढ का? चाराची चारच राहिली तरी? तर म्हणतो, 'सर, मागं लाइन आहे.' आणि टाकले की त्यानं तीनशे. मी काय केलं? सही केली. जीप सुटत होती हो...

चिमणाबाईला सांगितलं, तर ती काय म्हणते? 'गुर्जी, आधीच्या एकामागं नवी दोन आली का नाय? मंग तीन कुठून काढली त्यानं?' बघा. म्हातारी अंगठा लावते, पण तिला कळतं, तिप्पट म्हणजे दोनशे टक्के.

महिन्यानं पत्र आलं. पाठच झालंय मला. 'जुने विद्यार्थी चार. वाढ तीनशे टक्के, म्हणजे बारा. एकूण सोळा. हजेरीत मात्र बाराच आढळतात. उर्वरित चार विद्यार्थी कोठे आहेत याचा खुलासा करावा, अन्यथा खोटी संख्या दाखवल्याबद्दल शाळा बंद करण्यात येईल.' म्हणजे बघा, बरोबर गणित येणारा माणूसही आहे हो वर कुठेतरी. तो नेमका माझ्याच वाट्याला यायचा होता.

पळत गेलो ऑफिसात. म्हटलं, मनोजभाऊ, हात जोडतो, तिप्पट म्हणजे दोनशे टक्के, आकडा तेवढा दुरुस्त करा. 'सर, पोर्टल बंद झालं. आता आकडा काही कमी होत नाही. पोरांचं बघा.' पोरांचं काय बघू? 'चार वाढवा ना. आठ वाढवलीत, चार काय अवघड आहेत तुम्हाला?' आणि हे, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

नाही, आता भांडत नाही मी. दमलो. सोमवारी तपासणी आहे, माणूस येऊन डोकी मोजणार. बारा आहेत, ती नीट शिकतायत, ती मला घरी बसवायची नाहीत, एवढंच. तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं सहा ते दहा वर्षांचं असेल एखादं, तर द्या हो सोमवारपुरतं. पाटी मी देतो, भाकरी चिमणाबाई घालेल. फक्त... टक्केवारी येत नसलेलं द्या.