चाचाच्या कागदावरचा नंबर

फोन एंगेज लागला की मी चूप काहून होतो, इचारता ना? तं ऐका.

मी तवा अकोल्याच्या दवाखान्यात, कॅज्युअल्टीत ब्रदर होतो. नव्या डॉक्टरांनी नियम केला होता की दम्याच्या पेशंटले नुसती वाफ देऊन हाकलाचं नाही. पंप ओढाले शिकवाचं, घरचा नंबर लिहून घ्याचा, अन् दोन दिवसांनी फोन करून तब्येत इचाराची.

गाद्यांचा कापूस पिंजणारे रहीमचाचा दर हप्त्याले धापा टाकत येत. त्यांनी नंबर सांगितला, मी लिहिला. दोन दिवसांनी कॅज्युअल्टीच्या टेबलावरच्या फोनवरून लावला, तं एंगेज. दुपारीही एंगेज.

"एवढं कोन बोलून राहिलं यायच्या घरी?" मी चिडलो.

सिस्टरनं कागद पाह्यला. "अरे, हा तं आपल्याच टेबलाचा नंबर हाय!"

आपल्याच टेबलाचा नंबर कोनाले पाठ असते?

चाचा पुन्हा आले, तसा मी भडकलो. "घरचा नंबर मांगितला होता. दाराच्या पाटीवरचा दवाखान्याचा काहून देला?"

"घरी कोनी असतं तं त्याचा देला असता, बेटा," ते म्हणाले. "माह्या दम्याचं इचारणारं हेच टेबल हाय."